एकदा एफएनएसी झालीये, मग ट्रूकट कशाला? आणि जीन टेस्टचा सुईशी काय संबंध?

रानजाई
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून लिहितेय. माझी मामी, वय ५४, सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी असते. डाव्या स्तनात गाठ हाताला लागली, तिथल्या सर्जननी लगेच एफएनएसी (बारीक सुईने पेशी काढून तपासणी) करून घेतली आणि रिपोर्टात मॅलिग्नन्सी पॉझिटिव्ह, म्हणजे कॅन्सर, आलं. पुण्यात दाखवायला आणलं तर इथले डॉक्टर म्हणतायत ऑपरेशनच्या आधी ट्रूकट बायोप्सी (जाड सुईने तुकडा काढून तपासणी) करायचीच. मामा ऐकायला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं कॅन्सर आहे हे कळलंय ना, मग परत टोचाटोची कशाला, गाठ सारखी डिवचली की पसरते असं गावात जो तो सांगतोय, त्यापेक्षा सरळ काढून टाका आणि मग काय तपासायचं ते तपासत बसा. त्यात मामेभाऊ अमेरिकेत, तो फोनवर ऑन्कोटाइप आणि जीन टेस्ट असं काय काय सांगतो आणि म्हणतो बायोप्सी नीट झाली नाही तर पुढचं सगळं गंडतं. हे खरंय का? सुई बारीक की जाड याने जीन टेस्टला फरक पडतो? कुणाला माहिती असेल तर सोप्या भाषेत सांगा प्लीज, परवा परत डॉक्टरांकडे जायचंय.

कोकणकडा
मामींना लवकर आराम पडो. आमच्याकडे आईच्या वेळी डायरेक्ट ट्रूकटच केली होती, लोकल भूल देतात, फार दुखलं नाही म्हणाली. बाकी जाणकार सांगतीलच.

सूक्ष्मदर्शी
मी पॅथॉलॉजिस्ट आहे, ब्रेस्टचे नमुने रोजचेच, पण मामींचे कागद मी बघितलेले नाहीत त्यामुळे हे सर्वसाधारण समजा, निर्णय तिथल्या डॉक्टरांशी बोलूनच.

एफएनएसीची सुई आपल्या नेहमीच्या इंजेक्शनसारखी, २२ ते २५ गेज. तिच्यातून सुट्या पेशी ओढून घ्यायच्या, काचेवर पसरायच्या, अल्कोहोलमध्ये बुडवायच्या आणि रंगवून बघायच्या. कॅन्सर आहे का हे त्यात बहुतेकदा कळतं. पण त्या पेशी दुधाच्या नळीच्या आतच आहेत का भिंत फोडून बाहेर पडल्यात हे कळत नाही, कारण भिंत सोबत आलेलीच नसते. ट्रूकटची सुई १४ गेजची, गेजचा हिशोब उलटा असतो, आकडा लहान तेवढी सुई जाड. स्प्रिंगची गन असते, खटकन आवाज होतो आणि शेवईच्या तुकड्याएवढा सलग टिश्यू बाहेर येतो. असे निदान ४ तुकडे तरी घेतात. ते लगेच फॉर्मलिनमध्ये, मग मेणात, त्याचा ब्लॉक बनतो, आणि त्या ब्लॉकचे ३-४ मायक्रॉनचे काप काढून आम्ही ईआर, पीआर (पेशींवर हार्मोनचे रिसेप्टर आहेत का) आणि हर-टू (हे प्रथिन जास्त आहे का) या तपासण्या करतो. ऑन्कोटाइपसारख्या, केमोची गरज आहे का ते ठरवायला मदत करणाऱ्या जीन टेस्टलाही हाच ब्लॉक जातो. म्हणजे मामेभाऊ म्हणतोय त्यात तथ्य आहे, टेस्ट कितीही भारी असली तरी ब्लॉकमध्ये जे आहे त्याच्या पलीकडचं ती काही सांगू शकत नाही.

आता मामांच्या प्रश्नाबद्दल. सरळ का काढायची नाही, तर आधी कुठल्या जातीचा कॅन्सर आहे ते कळायला हवं म्हणून. ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह) किंवा हर-टू पॉझिटिव्ह निघाला आणि गाठ जरा मोठी असेल तर आजकाल बऱ्याचदा आधी केमो आणि मग ऑपरेशन असा क्रम असतो. आणि केमो चांगली लागू पडली तर ऑपरेशनच्या नमुन्यात कॅन्सर औषधाला सापडत नाही! पेशंटसाठी ही उत्तम बातमी, पण मग त्या मूळ ट्यूमरचा जगात एकच पुरावा उरतो, तो म्हणजे सुरवातीला घेतलेले ते ट्रूकटचे तुकडे. पुढे कधी काही जनुकीय तपासायची वेळ आली तर तेच. ते घेतलेच नसतील तर विषय संपला.

आणि पसरतं म्हणतात त्याबद्दल, सुईच्या वाटेवर थोड्या पेशी सरकलेल्या दिसतात कधीकधी, ते नाकारत नाही, पण त्यामुळे पेशंटचं आयुष्य कमी होतं असं काही आढळलेलं नाही. मामांना हे बिनधास्त सांगा.

सडेतोड
म्हणजे आधी बारीक सुई, मग जाड सुई, मग लाखाच्या घरातली टेस्ट. छान चाललंय. पूर्वी हाताने तपासून ऑपरेशन करायचे आणि बायका जगायच्याही. माझा डॉक्टरांवर राग नाही पण प्रत्येक पायरीला बिल फाडायची ही जी पद्धत पडलीये त्याबद्दल कुणी बोलायचं की नाही?

रानजाई
धन्यवाद डॉक्टर, खूप उपयोग झाला. एक शंका, मामा म्हणतात तसं तिथल्या सर्जननी गाठ काढून तीच पाठवली असती तर मोठा नमुना मिळाला असता ना? मोठा म्हणजे जास्त चांगलं असं नाही का?

सूक्ष्मदर्शी
रानजाई, हा प्रश्न सगळेच विचारतात आणि उत्तर कागदावर हो आणि प्रत्यक्षात नेहमी हो असं नाही.

एक नमुना सांगतो, कुठून आला ते विचारू नका. शनिवारी संध्याकाळी ऑपरेशन झालेलं, लिंबाएवढी गाठ आजूबाजूच्या चरबीसकट अख्खीच्या अख्खी अरुंद तोंडाच्या बरणीत कोंबलेली, फॉर्मलिन जेमतेम निम्म्यापर्यंत. खरं तर नमुन्याच्या दहापट तरी हवं. सोमवारी दुपारी माझ्या टेबलावर. बाहेर काढली तर गाठीने बरणीचाच आकार घेतलेला. मधोमध कापली, कडेची सालीएवढी पट्टी करडी, घट्ट, नीट पिकलेली, आणि आतला गाभा मऊ, मातकट, सुरीला चिकटणारा. फॉर्मलिन तासाला साधारण १ मिलिमीटर आत शिरतं, चरबीत तर आणखी नाटकं, त्यामुळे अख्खी गाठ न कापता टाकली की आतल्या पेशी फॉर्मलिन पोचायच्या आधीच सडायला लागतात. ईआर लावलं तर कडेला झकास तपकिरी, म्हणजे पॉझिटिव्ह, आणि मध्ये कोरं. मधलाच तुकडा घेतला असता तर रिपोर्ट निगेटिव्ह गेला असता आणि त्या बाईंची वर्षानुवर्षं चालणारी हार्मोनची गोळी हुकली असती.

नियम असा आहे की शरीराबाहेर काढल्यापासून तासाभरात नमुना कापून फॉर्मलिनमध्ये जायला हवा आणि तिथे ६ तासांपेक्षा कमी नको, ७२ पेक्षा जास्त नको. कमी झालं तर नीट टिकत नाही, जास्त झालं तर डीएनएचे तुकडे पडतात, आणि फॉर्मलिन डीएनएच्या अक्षरातही फेरफार करतं, सी च्या जागी टी वाचला जातो, म्हणजे नसलेलं म्युटेशन आहे असं दिसू शकतं. चांगल्या लॅब हे ओळखतात पण दरवेळी खात्री नाही. ट्रूकटच्या बारीक तुकड्याला हा त्रासच नाही, गनमधून निघाला की मिनिटभरात बाटलीत आणि सगळीकडून सारखा भिजतो. म्हणून ईआर-पीआरसाठी आम्हाला ट्रूकटच जास्त विश्वासाची वाटते.

खाडीपलीकडचा
कॅलिफोर्नियात असतो, सिक्वेन्सिंगच्या क्षेत्रात नोकरी, डॉक्टर नाही. वर डॉक्टरसाहेबांनी छान लिहिलंय, त्यात माझी थोडी भर.

पहिलं म्हणजे एफएनएसीला अगदीच कमी लेखू नका. टेक्ससच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमध्ये बारीक सुई आणि ट्रूकट या दोन्हीच्या नमुन्यांची तुलना केलेली, २००३ साली छापून आली होती. बारीक सुईच्या नमुन्यात सरासरी ८०% पेशी ट्यूमरच्या होत्या आणि ट्रूकटमध्ये ५०%च, बाकी ३०% आधाराच्या ऊतीच्या आणि २०% लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी). कारण ट्रूकट जे समोर येईल ते सगळं कापून आणते आणि बारीक सुईत ट्यूमरच्या सैल पेशीच जास्त निघतात. शिवाय अल्कोहोलमधला डीएनए फॉर्मलिनपेक्षा चांगला राहतो. म्हणजे निव्वळ जनुकांच्या दृष्टीने एफएनएसी शुद्ध माल आहे! पण बाजारातल्या टेस्ट ज्या नमुन्यावर सिद्ध झाल्यात तो मेणातला ब्लॉक आहे, काचेवरचा स्मिअर नाही, आणि कॅन्सर इन्व्हेजिव्ह (नळीची भिंत फोडून बाहेर पडलेला) आहे हे दाखवल्याशिवाय लॅबवाले पुढे जातच नाहीत. एकाच ट्यूमरचे दोन पद्धतीने घेतलेले नमुने जनुकांच्या यंत्रात घातले तर चित्र वेगळं का दिसतं ते यावरून कळेल, ट्यूमर बदललेला नसतो, सोबत आलेली गर्दी बदललेली असते.

दुसरं, डीएनए आणि आरएनए यात गल्लत नको. म्युटेशन डीएनएत असतं, ते सुई कुठली वापरली याने बदलत नाही, फक्त ट्यूमरचा वाटा फार कमी असेल, साधारण २०% च्या खाली, तर टेस्टला ते दिसत नाही. ऑन्कोटाइप मात्र आरएनए मोजतं, म्हणजे कुठलं जनुक त्या घडीला किती जोरात चालू आहे ते. २१ जनुकं, त्यातली १६ कॅन्सरशी संबंधित आणि ५ तुलनेसाठी. आणि हे चालू-बंद फार पटकन बदलतं. ऑपरेशनमध्ये रक्तवाहिन्या बांधल्या की गाठीला रक्त बंद पण पेशी गरम आणि जिवंत, त्या घाबरून फॉस, जुन वगैरे तणावाची जनुकं पेटवतात. ट्रूकटमध्ये पेशीला एवढा वेळच मिळत नाही.

तिसरं मला स्वतःला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं. ट्रूकटनंतर दोन-तीन आठवड्यांनी ऑपरेशन झालं की त्या नमुन्यात सुईची जखम भरत आलेली असते. तिथे मॅक्रोफेज (साफसफाई करणाऱ्या पेशी) जमलेले, फायब्रोब्लास्ट (जखम भरणाऱ्या पेशी) भराभर विभागतायत. ऑन्कोटाइपच्या स्कोअरमध्ये पेशीविभाजनाच्या गटाला, केआय-६७ वगैरे ५ जनुकं, खूप वजन आहे, आणि यंत्राला हे कळत नाही की विभागणारी पेशी कॅन्सरची का जखम भरणारी. जखमेचा भाग तसाच दळला गेला तर स्कोअर उगाच वर जाऊ शकतो. म्हणून लॅबवाले मायक्रोस्कोपखाली बघून तो भाग आधी खरवडून बाजूला काढतात. पण ब्लॉक निवडणाऱ्या पॅथॉलॉजिस्टनेच जखमेपासून लांबचा ब्लॉक पाठवला तर उत्तम.

सूक्ष्मदर्शी
+१. खाडीपलीकडचा, जखमेचा मुद्दा आमच्याकडचे बरेच जण विसरतात. ब्लॉक निवडताना तिथे गंजाच्या रंगाचे डाग, जुन्या रक्तस्रावाचे, दिसतात, तो ब्लॉक टाळायचा.

आणि स्कोअर थोडा वर गेला तर काय एवढं असं वाटेल कुणाला, तर ऑन्कोटाइपवरच्याच, २०१८ ला निकाल आलेल्या टेलरएक्स ट्रायलमध्ये, १० हजारांवर बायका होत्या, ११ ते २५ स्कोअरवाल्यांना केमोचा एकूणात फायदा दिसला नाही, फक्त पन्नाशीच्या आतल्यांमध्ये १६ पासून पुढे थोडा दिसला. तेव्हा २४ चा २८ झाला की बाईंना केमो लागते की नाही हाच निर्णय फिरतो.

सडेतोड, तुमचा मुद्दा टाकाऊ नाही. पण ही टेस्ट सगळ्यांना नसतेच. ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, काखेतल्या गाठींत (नोडमध्ये) कॅन्सर नाही किंवा १ ते ३ गाठींतच, अशांनाच. ट्रिपल निगेटिव्हला ऑन्कोटाइप सुचवणारा भेटला तर जरूर भांडा. आणि ज्यांची केमो त्यामुळे टळते त्यांचा केमोचा खर्च आणि त्रास दोन्ही वाचतात, तेही धरा. स्वस्त पर्याय म्हणून बंगळुरूची कॅनअसिस्ट टेस्ट आहे, ती जनुकं नाही तर ५ प्रथिनं बघते आणि सोबत गाठीचा आकार, ग्रेड, नोड धरते. ब्लॉक तिलाही लागतोच.

सडेतोड
ठीक आहे. केमो वाचते हा मुद्दा मान्य. पण मग हे पेशंटला आधी का नाही सांगत कोणी, इथे येऊन विचारावं का लागतं?

कोकणकडा
ओपीडीत पेशंटमागे किती मिनिटं मिळतात ते बघितलं की उत्तर मिळेल.

निशिगंध
रानजाई, मामींना शुभेच्छा. माझा अनुभव थोडा वेगळा आहे, लिहू की नको करत होते पण कुणाला उपयोग होईल. माझ्या नणंदेला ब्रेस्टच्या ऑपरेशननंतर बऱ्याच वर्षांनी कंबरेच्या हाडात कॅन्सर परत आला. हाडाची बायोप्सी केली, रिपोर्टात मूळचाच कॅन्सर आला, ईआर पॉझिटिव्ह. मग डॉक्टर म्हणाले जीन पॅनेल (बऱ्याच जनुकांची एकत्र टेस्ट) करू म्हणजे गोळी ठरवता येईल, ब्लॉक पाठवला, पैसे भरले, आणि आठवड्यांनी उत्तर काय तर डीएनए क्वालिटी फेल. आम्हाला वाटलं लॅबनेच घोळ घातला. नंतर कळलं की हाड मऊ करायला ते ॲसिडमध्ये ठेवतात आणि त्याने डीएनए जातो. कोणी आधी बोललंच नाही!! परत हाडात सुई घालायची तिची तयारी नव्हती, शेवटी रक्तातून टेस्ट केली, लिक्विड बायोप्सी म्हणतात ती, त्यात ईएसआर-१ नावाचं म्युटेशन निघालं.

सूक्ष्मदर्शी
निशिगंध, वाईट वाटलं वाचून, आणि हे टाळता येण्यासारखं आहे म्हणून जास्तच. हाड कापता यावं म्हणून त्यातलं कॅल्शियम काढावं लागतं. तीव्र ॲसिड वापरलं की काम झटपट होतं पण डीएनए मोडतो, हर-टूची फिश (जनुकाच्या प्रती मोजणारी टेस्ट) पण लागत नाही. ईडीटीए (कॅल्शियम सावकाश काढणारं सौम्य रसायन) वापरलं तर डीएनए टिकतो, फक्त वेळ जास्त लागतो. फॉर्मवर 'जीन टेस्ट करायची आहे, ॲसिड वापरू नये' एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर झालं असतं. शक्य असेल तेव्हा हाड सोडून लिव्हर किंवा काखेतली गाठ अशा मऊ जागेतून घेणं सगळ्यात बरं.

तुम्ही ईएसआर-१ (ईस्ट्रोजेन रिसेप्टरच्या जनुकातलं म्युटेशन) म्हणालात ते तर हमखास नवीन नमुन्यातच शोधायचं, रक्तात किंवा नव्या जागी. ॲरोमाटेज इन्हिबिटरच्या, म्हणजे ईस्ट्रोजेन कमी करणाऱ्या, गोळ्या दीर्घकाळ चालू असताना त्या दबावाखाली ते उगवतं, जुन्या ऑपरेशनच्या ब्लॉकमध्ये सहसा सापडत नाही. पीआयके-३-सीए या दुसऱ्या जनुकातल्या म्युटेशनचं उलट आहे, ते बहुतेकदा मुळापासूनच असतं, हार्मोन पॉझिटिव्ह हर-टू निगेटिव्हमध्ये जवळपास ४०% ना, त्यामुळे त्यासाठी जुना ब्लॉक चालतो. फक्त रक्तात निगेटिव्ह आलं तर नाहीच असं धरायचं नाही, ट्यूमर रक्तात पुरेसा डीएनए सोडत नसेल तर टेस्ट कोरी येते, मग टिश्यू बघायचा.

रानजाई
बाप रे, केवढं आहे हे. निशिगंधताई, खूप आभार लिहिल्याबद्दल. अजून एक विचारायचं राहिलं. मामीच्या आईलाही गर्भाशयाच्या बाजूचा, बहुतेक ओव्हरीचा कॅन्सर होता असं मामा आता सांगतायत. मग ते बीआरसीए का काय ते पण ट्रूकटमध्येच कळेल का?

खाडीपलीकडचा
नाही, बीआरसीए म्हणजे ज्यातल्या जन्मजात बिघाडाने ब्रेस्ट आणि ओव्हरीच्या कॅन्सरचा धोका वाढतो ती जनुकं, ती टेस्ट रक्तावर किंवा लाळेवर होते. जन्मजात जे असतं ते शरीराच्या प्रत्येक पेशीत असतं, त्याला सुई बारीक-जाड काही संबंध नाही. ट्यूमरच्या तपासणीत बीआरसीए दिसलं तरी ते फक्त ट्यूमरमध्ये नव्याने झालंय का घराण्यातून आलंय हे ठरवायला रक्त लागतंच. आईला ओव्हरीचा होता ही माहिती फार महत्त्वाची आहे, डॉक्टरांना नक्की सांगा, मामेभावाचा पण त्यात संबंध येतो, मुलांना वाटतं हे बायकांचंच असतं, तसं नाहीये.

सूक्ष्मदर्शी
हो, हे परवा पहिल्यांदा सांगायचं. आणि ट्रूकटच्या वेळी काय विचारायचं तेही इथेच लिहितो. सोनोग्राफीखाली करा म्हणावं, गाठीच्या मध्यभागी मेलेला भाग असतो कधीकधी, तो टाळून जिवंत कडेतून घेता येतं, मेलेल्या भागातून ना आरएनए मिळतो ना डीएनए. तुकडे शक्यतो दोन ब्लॉकमध्ये विभागून ठेवा म्हणावं. एकाच ब्लॉकमध्ये सगळे घातले की आयएचसीचे (ईआर, पीआर, हर-टूचे) काप काढता काढता माल संपतो आणि जीन टेस्टच्या वेळी नुसतं मेण उरतं. केमो आधी ठरली तर गाठीत क्लिप (जागेची धातूची बारीक खूण) बसवायला सांगा, नंतर गाठ विरघळली तर सर्जनला जागा सापडायला हवी.

एक अपवाद पण सांगून ठेवतो. गाठ हाताला लागत नाही, मॅमोग्राफीत फक्त चुन्याचे बारीक ठिपके दिसतात, तिथे व्हॅक्यूमवाली सुई वापरतात, ७ ते ११ गेज, ती एका टोचण्यात बराच टिश्यू ओढते. त्यात अख्खा इन्व्हेजिव्ह भागच निघून येतो कधीकधी, आणि ऑपरेशनच्या नमुन्यात काही उरतच नाही. मग टेस्टला बायोप्सीचाच ब्लॉक पाठवायचा. मामींना हे लागू नाही, त्यांची गाठ लागते हाताला.

रानजाई
आज जाऊन आलो. मामा शेवटी तयार झाले, त्यांना ते केमोनंतर पुरावाच उरत नाही हे पटलं. सोनोग्राफीखाली ट्रूकट झाली, मामी म्हणाली गनचा आवाजच जास्त भीतीदायक, दुखलं कमी. दोन ब्लॉकचं विचारलं तर तिथल्या मॅडम हसल्या, म्हणाल्या कुणी शिकवलं तुम्हाला, पण हो म्हणाल्या. ओव्हरीचं सांगितल्यावर रक्ताच्या टेस्टसाठी जेनेटिक काउन्सेलरची वेळ दिलीये. आयएचसी यायला आठवडा लागेल म्हणतात. मुंबईला टाटामध्ये दुसरं मत घ्यायचं चाललंय, तर ब्लॉक आम्हाला मिळतो का? का तो हॉस्पिटलचाच असतो?

निशिगंध
मिळतो. आम्हाला मिळाला होता, फक्त अर्ज आणि ओळखपत्र मागितलं. टाटाला गेलात तर ते स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही मागतातच, नुसता रिपोर्ट घेऊन गेलात तर परत पाठवतील आणायला.

सूक्ष्मदर्शी
बरोबर. अर्ज देऊन सही करून घ्या, ब्लॉकवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर जुळतो का ते काउंटरवरच बघा. दोन ब्लॉक असतील तर एक तिथेच राहू द्या. एफएनएसीच्या काचा पण गावाकडून मागवून घ्या. आणि सध्या ऊन कडक आहे, मेण आहे ते, मुंबईला जाताना ब्लॉक बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवू नका, पिशवीत बर्फाचा पॅक घालून सोबत न्या.